रानाचे दोन अर्थ

दिवे घाटाच्या दुसऱ्या वळणावर एस.टी.नं बैलगाडीचा वेग धरला, तेव्हा खिडकीतून मस्तानी तलाव नीट दिसला. माघ लागला होता. तलावात पाणी बऱ्यापैकी, भोवतीचं गवत मात्र पार पिवळं. मांडीवरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढताना आतलं जाडजूड पुस्तक निम्मं बाहेर आलं. शेजारच्या आजींनी त्यावरची अक्षरं न्याहाळली.

"विंग्रजी का?"

"जर्मन आहे, आजी."

"आन् हाय कशावर?"

"खंडोबावर."

आजी हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, कपाळाला लावलं, पदरानं पुसलं आणि परत दिलं. वीसबाडेनला छापलेल्या पुस्तकाचं दिवे घाटात झालेलं हे स्वागत लेखकाला फार आवडलं असतं.

लेखकाचं नाव गुंथर सोन्थायमर. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतले प्राध्यापक. जन्म 1934 चा, मृत्यू 1992 चा. पुस्तक 1976 चं, नाव 'बिरोबा, म्हस्कोबा उंड खंडोबा'. 'उंड' म्हणजे 'आणि'. तेवढा एक शब्द सोडला तर नाव कुणाही धनगराला वाचून दाखवावं आणि त्याला कळावं असं आहे.

हे पुस्तक माझ्या हाती लागलं त्याची गोष्ट थोडी लाजिरवाणी आहे. तरुणपणी मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकायला जात असे. ब्रेख्त आणि रिल्के मुळातून वाचायचे, पुढे जमलं तर तिकडंच जायचं, असा मनसुबा होता. आमच्या देवघरात खंडोबाचा टाक होता. चंपाषष्ठीला वडील तळी भरायचे, आई वांग्याचं भरीत आणि रोडगा करायची, आणि मी ते सगळं घाईघाईनं उरकून क्लासला पळायचो. एका दुपारी ग्रंथालयाच्या कपाटात रिल्के शोधत असताना पुस्तकाच्या पाठीवर रोमन लिपीत 'खंडोबा' दिसला. घरापासून लांब जाण्यासाठी जी भाषा शिकत होतो, तिनंच मला देवघरात आणून उभं केलं. तेव्हा पुस्तक पुरतं झेपलं नाही. पुढे जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याची एक प्रत मिळाली. या वेळी ठरवलं, ते घरी वाचायचं नाही. ज्या वाटेवर त्यातली माणसं चालतात, तिथं घेऊन जायचं. खंडोबाची जेजुरी आणि तिथून म्हस्कोबाचं वीर, एवढाच प्रवास. पुरंदर तालुक्याबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं.

सासवडला गाडी अर्धी रिकामी झाली. स्टँडवर अंजिरांच्या पाट्या होत्या. चहा घेताना मी पुस्तकाचं उपशीर्षक पुन्हा वाचलं. महाराष्ट्रातल्या पशुपालकांच्या देवतांचा उगम, इतिहास आणि 'उम्वेल्ट'. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा. उम्वेल्ट म्हणजे भोवताल, पर्यावरण. देवाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात. देवाला पाऊसमान असतं, गवत असतं, त्याच्या वाटेत पाणवठे असतात, हे धरून चालणारे थोडे.

सोन्थायमर मुळात कायद्याचे अभ्यासक. लंडनला डंकन डेरेट यांच्या हाताखाली त्यांनी हिंदू एकत्र कुटुंबावर संशोधन केलं. तो ग्रंथ 1977 साली निघाला. स्मृती, त्यांवरच्या टीका, निबंधग्रंथ, न्यायालयांचे निवाडे, असा सगळा लिखित ऐवज त्यांनी उपसला होता. पण धर्मशास्त्राच्या कुठल्याही अभ्यासकाला एका जागी ठेच लागते: देशाचार, कुलाचार, जातीची रीत यांना शास्त्रच मान देतं आणि त्या तर पोथीत लिहिलेल्या नसतात. त्या माणसांच्या तोंडी असतात. बहुतेक जण तिथं तळटीप टाकून पुढं जातात. हा माणूस तळटीप सोडून रानात उतरला. त्यांच्या आयुष्याचा मला लागलेला अर्थ हा असा आहे. संस्कृत पोथी वाचणारा प्राध्यापक ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन मेंढपाळांच्या वाड्यावर बसू लागला, याला दुसरं काय म्हणायचं?

जेजुरीला उतरलो तो रविवार होता, म्हणजे देवाचाच वार. पायथ्यापासून भंडारा विकणाऱ्यांची रांग. नऊ लाख पायऱ्या म्हणण्याचा प्रघात आहे. गुडघ्यांचा हिशेबही साधारण तेवढाच येतो. दोन्ही बाजूंच्या दीपमाळांवर, भिकाऱ्यांच्या वाडग्यांवर, नवरदेवाच्या शेरवानीवर, सगळ्यांवर एकच पिवळा रंग. लग्नानंतर पाया पडायला आलेली जोडपी होती आणि रीतीप्रमाणे नवरदेव नवरीला उचलून पाच पायऱ्या चढत होते. एकाचा तिसऱ्याच पायरीवर दम गेला. वऱ्हाड हसलं, नवरी सर्वांत जास्त.

अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं. गर्दी तिथं फार थांबत नाही. हात जोडून वर सरकते. मी थांबलो. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी की, खंडोबाची म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक. तिच्याशी लग्न रीतसर झालं आणि ती वर गडावर देवाशेजारी आहे. बाणाई धनगराची. तिच्यासाठी देव वेष पालटून तिच्या वाड्यावर चाकर राहिला, मेंढरं राखली. ती वर आली तर म्हाळसा भांडणार, म्हणून तिचं ठाणं अर्ध्या डोंगरावर. जागरणात वाघ्या-मुरळी या दोन सवतींचं भांडण रंगवतात आणि रात्र कशी सरते ते कळत नाही. शिंपीण, माळीण अशा देवाच्या आणखीही बायका आहेत. आमच्या घरी यावर फार बोललं जात नसे. मोठी माणसं विषय बदलायची.

सोन्थायमरांनी विषय बदलला नाही. त्यांनी या भांडणाला दोन संस्कृत शब्द लावले: 'वन' आणि 'क्षेत्र'. गाव, नांगरलेली जमीन, बाजारपेठ, दगडी देऊळ हे क्षेत्र. डोंगर, कुरण, जंगल, जिथं गुराखी, मेंढपाळ, शिकारी फिरतात ते वन. म्हाळसा क्षेत्राची, बाणाई वनाची. देव या दोन्हींत ये-जा करतो, एकीलाही सोडत नाही, आणि त्याचा संसार म्हणजे या दोन जगांनी एकमेकांशी केलेला व्यवहार. डोंगरच तसा रचलेला आहे: मध्यावर बाणाई, वर गडावर म्हाळसेसह देव, आणि त्याहून उंच, आडवाटेला, कडेपठारावरचं जुनं ठाणं. सोमवती अवसेला देव पालखीतून कऱ्हेवर स्नानाला उतरतो, तेव्हा हा सगळा उतार तो माणसांच्या खांद्यावरून पार करतो.

गडाच्या तटावर बसून डबा खाल्ला. खाली गाव, पलीकडे कऱ्हेचं खोरं. मनात आलं, 1976 साली जेजुरीवर दोन पुस्तकं निघाली आणि दोन्ही मराठीबाहेर. मराठी कवी अरुण कोलटकरांचं इंग्रजीत, जर्मन प्राध्यापकाचं जर्मनमध्ये. कोलटकर एका दिवसाचा प्रवासी होऊन पायऱ्या चढले. सोन्थायमर पुन्हा पुन्हा येत राहिले, वर्षानुवर्षं. मराठीत हे काम रा. चिं. ढेरे करत होते. 1984 साली त्यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात खुद्द पंढरीच्या विठोबाचं धनगरांशी असलेलं जुनं नातं मांडलं. दोघांची वाट एकच. एक पुण्यात हस्तलिखितं आणि ग्रंथ धुंडाळत तिच्यावर आला, दुसरा जर्मनीतून येऊन मेंढरांच्या मागं चालत.

याच गावात आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी मुक्कामाला येते आणि जेजुरीकर माउलींवर भंडारा उधळतात. अद्वैत सांगणारा ज्ञानदेव खंडोबाच्या हळदीत पिवळा होतो. सोन्थायमरांनी वारीवर माहितीपट केला, हेनिंग श्टेगम्युलर या छायाचित्रकाराला बरोबर घेऊन. 1989 साली हेर्मान कुल्के यांच्यासह त्यांनी हिंदू धर्माचा फेरविचार करणारा ग्रंथ संपादित केला, त्यात त्यांनी या धर्माचे पाच घटक सांगितले: ब्राह्मणांचं कार्य आणि शिकवण, संन्यास, आदिवासींचा धर्म, लोकधर्म आणि भक्ती. त्यांना या घटकांपेक्षा त्यांच्यातली देवघेव महत्त्वाची वाटे. पाचांत वरचा-खालचा असा क्रम त्यांनी लावला नाही. ते वाचताना पूर्वी मला हा सिद्धान्त वाटला होता. जेजुरीच्या तटावर तो गावच्या पंचांगासारखा वाटला. वारीच्या वेळी यायचं आणि डोळ्यांनी पाहायचं.

दुपारी वीरकडे निघालो आणि फसलो. थेट गाडी म्हणून सांगितलेली गाडी आलीच नाही. तासभर थांबून एका वडापमध्ये कोंबून घेतलं, तर त्यानं एका फाट्यावर उतरवलं आणि "इथनं मिळंल की" असं म्हणून तो निघून गेला. काहीच मिळालं नाही. चालू लागलो. वाटेत एका मारुतीच्या देवळाशी वीरगळ पडला होता, निम्मा मातीत. खालच्या पट्टीत गुरं आणि लढाई, मधल्या पट्टीत वीराला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीची पूजा आणि कोपऱ्यांत चंद्र-सूर्य. गुरं राखताना मेलेल्या कुणाचा तरी हा दगड. अशा स्मारकशिलांवरही सोन्थायमरांनी धारवाडच्या एस. शेट्टर यांच्याबरोबर 1982 साली एक ग्रंथ काढला होता. गावानं या वीरगळाला शेंदूर फासून देव करून टाकलं होतं. कुणाचं नाव उरलं नाही, पण नारळ फुटतो.

पुढच्या वळणावर मेंढरं लागली. दीड-दोनशे असतील, बहुतेक काळी. मागून सामान लादलेली घोडी, घोडीवर टोपल्याखाली कोंबड्या, घोंगड्यातून डोकं काढणारं एक कोकरू. सर्वांत शेवटी लाल फेट्यातले मामा.

"कुठलं म्हनायचं पाव्हणं?"

"पुण्याचा. वीरला निघालोय."

"जत्रंला अजून टाइम हाय की."

"गर्दी व्हायच्या आधी बघायचं होतं. मामा, तुम्ही कुठं निघालात?"

"रानात."

माझी नजर आपोआप डोंगराकडे गेली. त्यांनी काठी उलट्या बाजूला केली, वाटाणा निघून रिकाम्या झालेल्या वावराकडे. "ह्या रानात. मालकानं तीन रात्री बसवाय सांगितल्यात."

मेंढरं रानात बसवणं हा जुना करार. रात्री कळप वावरात राहतो, लेंडी-मुताचं खत जमिनीला मिळतं, मेंढपाळाला मोबदला. पूर्वी धान्य मिळायचं, आता पैसे. मामा फलटणच्या बाजूचे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेकडं सरकायचं आणि मिरगाच्या तोंडावर माघारी फिरायचं, ही त्यांच्या बापजाद्यांची चाल. मी विचारलं, बरोबर कोण आहे? "पोरगा हाय की. त्यो सकाळधरनं रानात ग्येलाय." आणि आता काठी खरोखर डोंगराकडे झाली.

मी तिथंच थबकलो. नांगरलेलं वावरही रान आणि काटेरी झुडपांचा डोंगरही रान. हायडेलबर्गच्या प्राध्यापकाला दोन संस्कृत शब्द लागले, मला ते समजायला एक जर्मन पुस्तक लागलं, आणि मामांच्या बोलण्यात दोन्हींना एकच शब्द पुरत होता. गंमत म्हणजे सोन्थायमरांच्या संस्थेचा पत्ता कित्येक वर्षं 'इम नॉयेनहायमर फेल्ड' असा होता. फेल्ड म्हणजे शेत. नेकार नदीच्या काठी, क्षेत्र नावाच्याच जागी बसून हा माणूस आयुष्यभर वनाविषयी लिहीत होता.

सावलीला बसलो. मी ओव्यांचा विषय काढला. मामा आधी लाजले. "आता आवाज ऱ्हायला न्हाई. पोरं मोबाइलवर ऐकत्यात." मग म्हणाले, "सुंबरान मांडायचं म्हंजी ढोल पायजे, दुसरा गडी पायजे." सुंबरान म्हणजे स्मरण. देवाला आठवून कथा उभी करायची. एक जण गातो, दुसरा ओढून धरतो. गाताना शब्द इतका ताणला जातो की त्याची कड हाती लागत नाही. म्हणून गाऊन झालं की तोच भाग गद्यात सांगायचा. ओवी आणि कथा, ओवी आणि कथा, अशी रात्रभर. मामांनी बसल्या बसल्या दोन-तीन ओळी गुणगुणून दाखवल्या. मला त्यांतला एकही शब्द धड कळला नाही. मराठी माझी मातृभाषा आहे.

"कळलं का?" मामांनी विचारलं.

"नाही."

"न्हाईच कळायचं. आता कथा ऐका." आणि त्यांनी सांगितलं तेव्हा सगळं कळलं.

त्या क्षणी मला सोन्थायमरांच्या बहुभाषिकपणाचा अंदाज आला. जर्मन, इंग्रजी, संस्कृत, मराठी अशी यादी करता येते. विद्यापीठांत असे पुष्कळ असतात. या माणसानं मराठीच्या आतली मराठी शिकली, जी मला येत नव्हती आणि येत नाही याची खंतही वाटली नव्हती. त्यानं त्या ताणलेल्या ओव्या ध्वनिफितींवर घेतल्या. गाणाऱ्याच्या तोंडची भाषा सुधारून न घेता ती जशी आहे तशी पुरावा म्हणून मानली. कायद्याच्या माणसाला साक्षीचं मोल कळतं. साक्षीदाराचं व्याकरण तपासायचं नसतं, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं.

मी मामांना पुस्तक दाखवलं. एक जर्मन साहेब धनगरांत बसून ओव्या ऐकायचे, असं सांगितलं. त्यांनी पानं चाळली आणि नकाशाशी थांबले. नीरा कुठं, माण कुठं, सोनारी कुठं, ते बोटानं विचारलं. "सायबानं वाट बराबर काढल्या," म्हणाले आणि मेंढरांकडे बघायला उठले. एवढंच. एखाद्या प्राध्यापकाच्या ग्रंथाचं याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

वीरला पोचायला ऊन कललं. एका मोटारसायकलवाल्यानं शेवटचा टप्पा सोडलं. यात्रेला अजून आठवडा होता. माघी पौर्णिमेला इथं म्हस्कोबा आणि जोगूबाईचं लग्न लागतं, कोडीतची पालखी येते, गुलाल उडतो, 'सवाई सर्जाचं चांगभलं' म्हणत गाव दहा दिवस जागं राहतं. आज मात्र मंडप घालणारी दोन पोरं आणि ओवरीत झोपलेलं कुत्रं. गाभाऱ्यात गारवा होता. गुरवानं अंगारा लावला आणि न विचारताच कथा सांगितली. देव मूळचा इथला नाही, परांडा तालुक्यातल्या सोनारीचा. कमळाजी धनगर दर वारीला तिकडं चालत जायचा. म्हातारा झाला, पाय चालेनात. तेव्हा देव म्हणाला, आता तू येऊ नको, मीच येतो. आणि आला.

ही कथा पुस्तकात आहे. तरी गुरवाच्या तोंडून ऐकताना वेगळी वाटली. देव भक्तामागं चालत येतो, अशा कथा आपल्याकडं पुष्कळ. सोन्थायमरांनी त्यातला मुक्काम न् मुक्काम पाहिला. देव ज्या वाटेनं आला, ती मेंढरांची वाट. कोरड्या मुलखातून नीरेच्या पाण्याकडं. देव आधी कळपाबरोबर फिरतो, मग एखाद्या गावात थांबतो, शेतकरी त्याला आपलासा करतात, पाटील मानकरी होतो, दगडी देऊळ उभं राहतं, ब्राह्मण त्याला भैरव म्हणू लागतात. वन क्षेत्रात येऊन बसतं. तरी वर्षातून एकदा धनगर ढोल घेऊन येतो आणि देवाला त्याचं जुनं नाव आठवून देतो.

परतीच्या गाडीची वाट पाहत देवळासमोरच्या पारावर बसलो. सोन्थायमर 1992 साली गेले, वय साठीच्याही आत. एखादा प्राध्यापक लोकांना किती प्रिय होता, हे पुष्कळदा शोकसभेत ठरवलं जातं. मला ते त्यांच्या माघारी झालेल्या कामांत दिसतं. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला याच पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद 1989 साली, त्यांच्या हयातीतच आला होता. गेल्यावर पाच वर्षांनी खंडोबावरच्या त्यांच्या निबंधांचं पुस्तक निघालं. संपादक तिघं: हायड्रुन ब्रुकनर, फेल्डहाउस आणि आदित्य मलिक. एकीचा अभ्यास तुळू मुलखातल्या मौखिक गाथांचा, एकीचा महाराष्ट्रातल्या नद्या आणि महानुभावांचा, एकाचा राजस्थानातल्या देवनारायणाच्या गाथेचा. तिघांचीही वाट गावदेवाच्या दारावरून गेलेली. पुढं 2014 साली फेल्डहाउस यांनी रामदास आतकर आणि राजाराम झगडे यांच्या साथीनं, सोन्थायमरांनी घेतलेल्या ध्वनिफितींतल्या दोन दीर्घ धनगरी कथा इंग्रजीत आणल्या. माणूस जाऊन बावीस वर्षं झाली होती आणि त्यानं एका रात्री ऐकलेलं कुणी तरी अजून नीट ऐकत होतं. ओवी त्यांनी मांडली, कथा इतरांनी सांगून पुरी केली.

अंधार पडता पडता गाडी आली. वाहकानं सुट्ट्या पैशांवरून थोडी कुरकुर केली, मग दिवा लावून दिला. पुस्तकात एक पिवळी पडलेली वही असते, रानडे इन्स्टिट्यूटच्या दिवसांतली. शब्द आणि अर्थ, दोन रकाने. चाळता चाळता ते पान सापडलं. 'वाल्ड' म्हणजे जंगल. चार ओळी खाली 'फेल्ड' म्हणजे शेत. दोन्ही अर्थ बरोबर होते, बाईंनी लाल शाईनं बरोबरची खूणही केली होती. गाडी सासवडच्या उतारावर हिंदकळत होती, तरी मी पेन काढलं आणि दोन्ही शब्दांपुढं, वाकड्यातिकड्या अक्षरांत, एकच शब्द लिहिला. रान.